मोटरहोमला वेगळा जीपीएस नॅव्हिगेटर लागतो का, की फोन पुरे?

सावकाश:
नमस्कार मंडळी. मोटरहोम (आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी) घेऊन फिरणारे इथे बरेच आहेत म्हणून सरळच विचारतो. आमची गाडी लांबीला सात मीटरच्या आसपास, डोक्यावर एसी, उंची तीन मीटरच्या पुढे. आत्तापर्यंत फोन लावूनच चालवत आलोय. त्याचे दोन ताप आहेत, एक म्हणजे काचेजवळ ठेवला की दुपारच्या उन्हात तापतो, स्क्रीन आपोआप अंधुक होते आणि नेमका फाटा यायच्या वेळेला काही दिसत नाही, दुसरं म्हणजे तो आपल्या धुडाला साधी कार समजून कुठल्याही बोळात घालतो. आता कॅम्परसाठी म्हणून जे खास नॅव्हिगेटर मिळतात (गार्मिनचे युरोपात कॅम्पर आणि अमेरिकेत आरव्ही या नावाने येतात, टॉमटॉमचा गो कॅम्पर आहे) त्यातला एक घ्यावा असं डोक्यात आहे. सौं.चं म्हणणं फोन आहे, टॅब आहे, गाडीची स्वतःची स्क्रीन आहे, आता चौथा डबा कशाला. वापरणाऱ्यांनी सांगा, खरंच काही वेगळं करतो का तो, की नुसताच मोठ्या पडद्याचा फोन?

घाटमाथा:
वेगळं करतो, पण लोकांना वाटतं ते नाही. बरेच जण समजतात की वेगळ्या यंत्राला "जास्त चांगला जीपीएस" मिळतो. तसं काही नसतं हो, उपग्रह तेच, वीस हजार किलोमीटरवर फिरणारे, फोनलाही तेच आणि त्यालाही तेच. फरक आहे तो यंत्राला तुमच्या गाडीबद्दल काय माहिती आहे याचा. त्यात तुम्ही उंची, रुंदी, लांबी, वजन, मागे ट्रेलर आहे की नाही, काही मॉडेलात गॅसची टाकी आहे की नाही हे सगळं एकदा भरता आणि मग तो रस्ता शोधताना बुटके पूल, अरुंद गल्ल्या, वजनाची बंदी असलेले पूल गाळून टाकतो. गूगल मॅप्समध्ये गाडीची उंची टाकायला जागाच नाही, तिथे कार, दुचाकी, पायी वगैरे, बस. म्हणजे आपण ज्याचे पैसे देतो ते रस्ता दाखवण्याचे नाहीत, अमुक रस्त्याला "इथून नको" म्हणण्याचे आहेत.

बुटक्या पुलाची गंमत वाटत असेल तर अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात डरहॅमला एक रेल्वेपूल आहे त्याबद्दल वाचा. उंची ११ फूट ८ इंच होती. पाट्या, दिवे, इशारे सगळं असून ट्रक आणि भाड्याच्या गाड्या येऊन टपावरचं पत्र्याचं झाकण सोलून घ्यायच्या. शेवटी २०१९ मध्ये पूल उचलून १२ फूट ४ इंच केला, तरी लोक धडकतातच.

रातकिडा:
घाटमाथा, मुद्दा मान्य पण त्यासाठी वेगळा डबा लागत नाही ना. फोनवरही गाडीची मापं टाकता येणारी अ‍ॅप्स आहेत, सिजिकचं ट्रक आणि आरव्हीवालं आहे, कोपायलट आहे. नकाशे आधी उतरवून ठेवायचे, जुना टॅब असेल तर तोच कायमचा डॅशबोर्डवर बसवायचा. वेगळ्या यंत्रांचा माझा अनुभव असा की पत्ता टाइप करायला अर्धा तास (बरं, दोन मिनिटं), त्यात गाव आधी का रस्ता आधी यावर त्याचं आपलं भांडण, आणि रस्ता चुकला की नवीन मार्ग काढेपर्यंत आपण पुढच्या चौकात. फोन हे सगळं पटकन करतो. उन्हाचं म्हणाल तर फोन काचेला न चिकटवता एसीच्या जाळीसमोर अडकवा, तापायचा थांबतो.

चाकधर:
+१ रातकिडा, टायपिंगचं अगदी अगदी.

अक्षांश:
थोडं तांत्रिक बोलतो, कारण डोंगरात गेल्यावर "फोनचा जीपीएस गेला" असं लोक म्हणतात ते बहुतेक वेळा खरं नसतं. जीपीएस ही फक्त ऐकायची गोष्ट आहे, त्याला इंटरनेट लागत नाही. चार उपग्रह नीट ऐकू आले की स्थान निघतं. जातो तो नकाशा, कारण तो उतरवून ठेवलेला नसतो. आणि फोन बंद करून रेंज नसलेल्या ठिकाणी चालू केला तर पहिलं स्थान सापडायला वेळ लागतो, एरवी तो उपग्रह कुठे आहेत ही माहिती नेटवरून पटकन घेतो, रेंज नसेल तर तीच माहिती उपग्रहाकडून सावकाश उतरवावी लागते, त्याला मोकळ्या आकाशाखाली अर्धं मिनिट आणि झाडीत कितीही. तेवढा धीर धरायचा, उगाच फोन रीस्टार्ट करत बसू नये, त्याने परत पहिल्यापासून सुरू.

दुसरं, काच. काही गाड्यांच्या पुढच्या काचेत उष्णता अडवायला किंवा काच गरम करायला धातूचा पातळ थर असतो, त्यातून सिग्नल मार खातो. मोठ्या मोटरहोममध्ये डॅशबोर्ड खोलच्या खोल असतो, यंत्र ड्रायव्हरच्या हाताशी म्हणून आत ओढून लावलं की वर छत आणि पुढे ती काच. तुमची गाडी कुठली माहीत नाही पण बसवायच्या आधी हातात धरून दोन-तीन जागी बघा कुठे सिग्नलच्या पट्ट्या जास्त दिसतात.

सावकाश:
वा, ही काचेची भानगड माहीत नव्हती. बरं मापं टाकायची म्हणजे गाडीच्या कागदावरची टाकायची ना?

टोपणनाव_सापडेना:
अजिबात नाही!! कागदावरची उंची कारखान्यातून निघालेल्या गाडीची. त्यावर नंतर एसी बसला, सोलर पॅनल बसलं, डिश बसली, कुणी टपावर पेटी टाकली. स्वतः मोजा. गाडी सपाट जागी उभी करा, टायरमध्ये नेहमीची हवा. टपावरच्या सगळ्यात उंच वस्तूवर (बहुतेक वेळा एसीचं कव्हर नाहीतर डिशचा टोकेरी भाग) एक सरळ लांब पट्टी आडवी ठेवा, अशी की तिचं एक टोक गाडीच्या बाहेर येईल, पट्टी समपातळीत आहे का ते पाणसळीने बघा, आणि त्या बाहेर आलेल्या टोकापासून जमिनीपर्यंत टेप सोडा. खाली एक माणूस, वर एक माणूस. एकट्याने हा उद्योग करू नका, टेप वाकडा जातो. आलेल्या आकड्यात दहा-पंधरा सेंटीमीटर वाढवून ती उंची यंत्रात भरा, कारण रस्त्यावर नवीन डांबराचा थर चढला की पुलाखालची उंची कमी होते आणि पाटी मात्र जुनीच राहते.

मग तोच आकडा मीटरमध्ये आणि फूट-इंचात दोन्ही लिहून ड्रायव्हरसमोरच्या उन्हाच्या झडपेवर चिकटवा. ब्रिटनसारख्या ठिकाणी अजून फुटात पाट्या आहेत आणि पुलासमोर ब्रेकवर पाय ठेवून ३.२ मीटर म्हणजे किती फूट हा हिशोब होत नाही. (१० फूट ६ इंच. मागे हॉर्न वाजत असेल तर उत्तर वेगळं येतं.)

रुंदीत आरसे धरायला विसरू नका. गाडी २.३ मीटर आणि आरसे उघडे धरून २.७ च्या घरात अशी बरीच मंडळी आहे.

निळी_छत्री:
आरशांवरून आठवलं. अमेरिकेत ग्लेशियर नॅशनल पार्कमधला गोइंग-टू-द-सन रोड, त्याच्या मधल्या घाटातल्या टप्प्यावर २१ फुटांपेक्षा लांब आणि ८ फुटांपेक्षा रुंद गाडीला बंदी आहे, आणि ते ८ फूट आरसे धरून. लांबीत बंपर धरून. मागे सायकलचा स्टँड लावला की लांबी वाढली ना. म्हणजे गाडीची लांबी ही एक संख्या नसतेच, आज सायकली आहेत की नाहीत त्यावर ती बदलते. मी यंत्रात दोन प्रोफाइल (म्हणजे गाडीच्या मापांचे दोन संच) करून ठेवलेत, एक सायकलींसकट आणि एक बिनसायकलींचा, आणि निघताना कुठला चालू आहे ते बघते.

सावकाश:
मोजलं काल. भाच्याला वर चढवला. कागदावर २.९५ लिहिलंय, एसी धरून ३.१२ भरली! सौ. आता म्हणतायत घ्या बाई तो डबा :D

चाकधर:
हाहा. मग आता माझी चार आणे भर. मी आधी ट्रकवाल्यांचा नॅव्हिगेटर वापरत होतो, मित्राकडे पडून होता म्हणून. उंचीच्या बाबतीत झकास, पण ट्रकला जिथे जिथे मनाई तिथे तिथे तो मलाही मनाई करायचा, आणि त्यातल्या कितीतरी पाट्या मालवाहू गाड्यांसाठी असतात, मोटरहोमला लागू नसतात. वस्तीतला साधा रस्ता टाळायला लांबचा वळसा. कॅम्परवाल्या यंत्राचा खरा उपयोग मला इथे वाटतो, तो कार आणि ट्रकच्या मधला हिशोब करतो.

वजनाचंही तसंच. युरोपात ३.५ टन ही रेघ आहे, आणि ती रेघ ओलांडली की नुसते पूलच नाही, बाकी बरंच बदलतं. ऑस्ट्रियात ३.५ टनांपर्यंत काचेवर टोलचं स्टिकर किंवा त्याचा डिजिटल प्रकार, त्यावर गेलात की गो-बॉक्स नावाचं यंत्र गाडीत लावून किलोमीटरवर टोल. स्वित्झर्लंडमध्येही ३.५ टनांवर स्टिकर चालत नाही, जड गाड्यांचा वेगळा कर. जर्मनीत ऑटोबानवर ३.५ ते ७.५ टनांच्या मोटरहोमला ताशी १०० ची मर्यादा. यंत्रात वजन बरोबर भरलं तर तो मर्यादा आणि पोचायची वेळ तशी दाखवतो, कारची प्रोफाइल असेल तर पोचायची वेळ बघून नुसती चिडचिड, कारण ती वेळ आपल्याला कधीच गाठता येत नाही. भरताना गाडीच्या प्लेटवर लिहिलेलं कमाल वजन भरा, आज काट्यावर किती भरलं ते नको.

रातकिडा:
गॅसचा मुद्दा कुणी नीट सांगितला नाही अजून. गॅसची टाकी असं यंत्रात टिक करता येतं ते कशाला?

घाटमाथा:
बोगद्यांसाठी. अमेरिकेत काही बोगद्यांमध्ये प्रोपेन गॅस घेऊन जायला बंधनं आहेत, बाल्टिमोरला बंदराखालून जाणारे बोगदे त्यातलेच, आणि मोटरहोममध्ये स्वयंपाक, फ्रिज, हीटर सगळं त्यावरच चालत असतं. टिक केलं की तो वळसा घालून नेतो. पण त्यातही पाटी वाचायची, कारण नियम टाकीच्या आकारावर, संख्येवर, बंद आहे का चालू यावर असतात आणि यंत्राला फक्त हो किंवा नाही एवढंच कळतं. इंग्लंड आणि फ्रान्समधल्या चॅनल टनेलचं बघा, तिथे एलपीजीवर *चालणारी* गाडी घेत नाहीत पण स्वयंपाकाचा सिलिंडर ठरलेल्या मर्यादेत चालतो. हा भेद एका टिकमध्ये कसा मावणार.

उनाडटप्पू:
मी जरा उलट बोलतो, माफ करा. या यंत्रांवर फार भरवसा टाकू नका रे. मी वापरतो म्हणूनच सांगतोय. नकाशात उंची भरलेली असेल तरच तो टाळणार. मोठ्या रस्त्यांवर, जिथून ट्रक जातात तिथली माहिती चांगली असते कारण ट्रकवाल्या कंपन्यांना ती हवी असते, पण कॅम्पिंगच्या जागा कुठे असतात? शेवटच्या पाच-सात किलोमीटरच्या गावरस्त्यावर. तिथे रेल्वेखालची मोरी, फांद्या खाली आलेलं झाड, घराची बाहेर आलेली बाल्कनी, यातलं काहीही नकाशात नसतं. झाड तर कुठल्याच नकाशात नसतं. यंत्राच्या पहिल्या स्क्रीनवरच "पाट्या पाळा, जबाबदारी तुमची" असं लिहून येतं, आपण न वाचता ओके दाबतो.

निळी_छत्री:
उनाडटप्पूंना पूर्ण अनुमोदन, आणि त्या शेवटच्या तुकड्याबद्दल जास्त सांगते कारण माझा बराचसा वेळ त्यातच जातो. आदल्या रात्री मुक्कामाची जागा फोनवर उपग्रहाच्या चित्रात उघडायची आणि मोठ्या रस्त्यापासून गेटपर्यंत बोट फिरवायचं. बघायचं काय, तर रेल्वेरूळ कुठे ओलांडतो, वरून का खालून, गावाचा जुना भाग मध्ये येतो का, आणि गेट नक्की कुठल्या बाजूला आहे. यंत्रातल्या यादीत कॅम्पिंगचा जो ठिपका असतो तो पुष्कळदा जागेच्या मधोमध टाकलेला असतो, मग यंत्र त्या ठिपक्याला सगळ्यात जवळचा रस्ता शोधतं आणि तो मागच्या कुंपणापाशी निघतो, समोर तंबू दिसतायत, मध्ये तारा, आणि गाडी वळवायला जागा नाही. म्हणून मी ठिपक्यावर न जाता गेटवर बोट ठेवून ती जागा वेगळी साठवते. कॅम्पवाल्यांच्या साइटवर "नॅव्हिगेटरचं ऐकू नका, अमुक फाट्यावरून या" असं लिहिलेलं असेल तर तो फाटा मधला थांबा म्हणून टाकते, ते लोक रोज बघतात ना कोण कुठे अडकतंय.

अजून एक, सेटिंगमध्ये "सर्वात जवळचा मार्ग" असेल तर तो आजच्या आज बदला. जवळचा म्हणजे शेतातून. "सर्वात जलद" ठेवा, आणि यू-टर्न टाळा हे चालू ठेवा, सात मीटरच्या गाडीला यू-टर्न सांगणाऱ्या बाईचा आवाज ऐकून माणूस तोल सोडतो.

अक्षांश:
गेट साठवताना अंकांची एक काळजी घ्या. अक्षांश-रेखांश तीन तऱ्हेने लिहितात, दशांशात, अंश-मिनिटांत, अंश-मिनिटं-सेकंदांत. ४८.३० आणि ४८ अंश ३० मिनिटं हे एक नाही, ४८ अंश ३० मिनिटं म्हणजे ४८.५०. फरक ०.२० अंशाचा, आणि एक अंश अक्षांश साधारण १११ किलोमीटर, म्हणजे तुम्ही बावीस किलोमीटर उत्तरेला नाहीतर दक्षिणेला. यंत्र चूक दाखवत नाही, कारण तिथेही कुठलंतरी शेत असतंच. आकडे भरायच्या आधी यंत्र कुठल्या तऱ्हेवर लावलंय ते बघा.

सावकाश:
हे सोन्यासारखं आहे सगळं. वाखूसा (वाचनखूण साठवली). रातकिडा, तुमचं अ‍ॅपचं म्हणणं अजून तसंच आहे का? मी डळमळतोय.

रातकिडा:
तसंच आहे, थोडं खाली आलं :) अ‍ॅपमध्येही मापं भरता येतात आणि नकाशे मुळात दोन-तीन जणांचेच असतात, हिअर, टॉमटॉम, नाहीतर ओपनस्ट्रीटमॅप. त्यात ओपनस्ट्रीटमॅपचा एक फायदा कुणी बोललं नाही, तिथे पुलाची उंची आपण स्वतः भरू शकतो, पाटीवरची. उनाडटप्पूंची ती मोरी तुम्ही आज भरली तर पुढच्या माणसाच्या अ‍ॅपला ती कळेल, कंपनीच्या नकाशात कळवलेली दुरुस्ती कधी येईल ती येईल. पण एक कबूल, फोनवर एकीकडे रस्ता चालू आणि तितक्यात कुणाचा फोन आला की स्क्रीनवर काका. वेगळ्या यंत्रावर काका येत नाहीत.

टोपणनाव_सापडेना:
काका येत नाहीत =))

चाकधर:
मी दोन्ही लावतो. समोर नॅव्हिगेटर, आणि शेजारच्या सीटवर फोन, पुढे गर्दी किती ते बघायला. दोघांचं एकमत असेल तर गप्प चालायचं. फोन म्हणतोय डावीकडे आणि यंत्र म्हणतंय सरळ, तर यंत्राचं ऐकायचं आणि शेजारच्याने फोनवर बघायचं की डावीकडे असं काय आहे जे यंत्र टाळतंय. बऱ्याचदा पूल निघतो. कधीकधी काहीच निघत नाही, यंत्र उगाच घाबरलेलं असतं.

सावकाश:
घ्यायचंच ठरलं तर जुनं, वापरलेलं घेतलं तर चालेल का? बरे मिळतायत.

घाटमाथा:
जपून. तीन गोष्टी बघा. एक, नकाशे अजून येतायत का. "लाइफटाइम मॅप" म्हणजे तुमचं आयुष्य नाही, कंपनी ते मॉडेल सांभाळते तोवर. दोन, आतली जागा. नकाशे वर्षागणिक फुगतात आणि जुन्या यंत्रात पूर्ण खंडाचा नकाशा मावत नाही, मेमरी कार्ड टाकायची सोय आहे का बघा, नाहीतर अर्धाच नकाशा घालून फिरावं लागतं. तीन, फार जुनं असेल तर २०१९ चा घोळ. जीपीएसचा आठवड्यांचा आकडा १०२४ झाल्यावर परत शून्यावर येतो, तसा तो ६ एप्रिल २०१९ ला आला, ज्या जुन्या यंत्रांना त्याचं सॉफ्टवेअर मिळालं नाही ती तारीख वीसेक वर्षं मागची दाखवू शकतात. तारीख चुकली की पोचायची वेळ आणि वेळेनुसार बंद असलेले रस्ते, सगळंच संशयास्पद.

आणि नकाशा अपडेट निघायच्या आठवडाभर आधी घरच्या वायफायवर. कॅम्पच्या वायफायवर तो रात्रभर चालतो आणि सकाळी नव्वद टक्क्यांवर अडकलेला असतो.

उनाडटप्पू:
विकणाऱ्याकडून मूळची वायर मागून घ्या, विसरू नका. काही यंत्रांत ट्रॅफिकचा रिसीव्हर त्या वायरमध्येच असतो, दुसरी कुठलीही वायर लावली की चार्ज होतं पण पुढची गर्दी दिसत नाही. आणि काही जुनी यंत्रं साध्या यूएसबी वायरने गाडीला जोडली की त्यांना वाटतं आपण कॉम्प्युटरला जोडलेत, आणि नकाशा जाऊन स्क्रीनवर नुसतं कॉम्प्युटरचं चित्र येतं. लोक यंत्र बिघडलं म्हणून परत करतात, वायर बदलली की चालतं.

सावकाश:
बरं, मग घेतल्यावर ते खरंच उंची मानतंय की नाही हे कळणार कसं? पुलाला जाऊन धडकून बघायची इच्छा नाही.

निळी_छत्री:
घरातल्या घरात बसून. ज्याची पाटी तुम्ही स्वतः वाचलीये असा आसपासचा बुटका पूल निवडा. पुलाच्या एका बाजूची जागा सुरुवात म्हणून आणि दुसऱ्या बाजूची शेवट म्हणून टाका, आधी कारच्या प्रोफाइलवर. पुलाखालून नेईल. मग कॅम्परची प्रोफाइल, तुमची ३.१२ अधिक जे काय वाढवाल ते. वळसा घेतला तर ठीक. नाही घेतला तर प्रोफाइलमध्ये उंची मुद्दाम साडेचार मीटर करून परत बघा, तरीही खालूनच नेत असेल तर तो पूल त्याच्या नकाशात नाही. असे चार-पाच पूल तपासा, एकावरून ठरवू नका. आणि हे परत करायची मुदत संपायच्या आत.

चाकधर:
आणि मापं भरल्यावर यंत्र एकदा बंद-चालू करून कुठली प्रोफाइल राहिली ते बघा. काही मॉडेल अपडेटनंतर गुपचूप कारवर परत जातात.

सावकाश:
स्टेशनामागची मोरी आहे ना, २.८ ची पाटी असलेली, तिच्यापासून सुरू करतो. सौ. विचारतायत की यंत्रातल्या बाईचा आवाज बदलता येतो का.

रातकिडा:
येतो. पुरुषाचाही असतो, त्याचंही कुणी ऐकत नाही.